निखाऱ्यांवरची भाकर

सामान्य काळातील एकोणिसावा रविवार (वर्ष अ)



आजच्या पहिल्या वाचनात एलिया संदेष्टा आपल्याला होरेब डोंगरावरच्या गुहेत भेटतो. सोसाट्याचा वारा सुटतो, भूकंप होतो, आग पेटते. पण परमेश्वर त्यांपैकी कशातही नसतो. शेवटी एक मंद, हळुवार वाणी कानी येते आणि एलिया झग्याने तोंड झाकून गुहेच्या दाराशी येऊन उभा राहतो. हे वाचन आपण अनेकदा ऐकले आहे. परंतु एलिया त्या गुहेपर्यंत कसा आला, हे आज वाचले जात नाही. तो भाग वर्ष ब मध्ये याच रविवारी वाचला जातो. म्हणजे एका माणसाची एकच कहाणी आपण दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या वर्षी ऐकतो. आज ते दोन्ही तुकडे जोडून पाहू या. कारण आधीचा तुकडा ऐकल्याशिवाय त्या हळुवार वाणीची किंमत आपल्याला कळणार नाही.

गुहेत येण्याच्या चाळीस दिवस आधी याच एलियाने देवाकडे मरण मागितले होते.

“आता पुरे झाले”

राजे पहिल्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात एलियाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस वर्णिला आहे. कर्मेल डोंगरावर बआलचे साडेचारशे संदेष्टे एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. त्याच्या प्रार्थनेला उत्तर म्हणून स्वर्गातून अग्नी उतरला. लोक पालथे पडून परमेश्वराचे नाव घेऊ लागले. इतक्या वर्षांच्या अवर्षणानंतर समुद्रावर हाताच्या पंजाएवढा ढग दिसला आणि मुसळधार पाऊस कोसळला. त्या पावसात एलिया राजा अहाबाच्या रथापुढे धावत इज्रेलपर्यंत गेला. आपल्याला वाटेल, आता या माणसाला कशाचीच भीती उरली नसेल.

पुढचाच अध्याय उघडावा, तर तोच एलिया जीव मुठीत घेऊन पळतो आहे. राणी ईजबेलचा निरोप आला की उद्या या वेळेपर्यंत तुला जिवंत ठेवणार नाही. एवढ्या एका निरोपाने तो खचला. इज्रेल सोडून थेट दक्षिणेच्या टोकाला, बैर-शेब्यापर्यंत आला. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर भरते. तिथे त्याने आपल्या चाकराला मागे ठेवले आणि स्वतः एकटाच आणखी एक दिवसाची वाट चालून रानात शिरला. तिथे रतामाचे एक झुडूप होते. ओसाड जागी उगवणारे, पानांपेक्षा काटक्याच जास्त, सावली म्हणाल तर विरळ. त्याच्याखाली बसून तो देवाला म्हणाला की आता पुरे झाले, माझा प्राण घे, मी माझ्या वाडवडिलांपेक्षा काही चांगला नाही.

बंधुभगिनींनो, या ठिकाणी क्षणभर थांबू या. पवित्र शास्त्राने हा प्रसंग झाकून ठेवलेला नाही. एवढा मोठा संदेष्टा मरण मागतो, हे लिहायला लाज वाटली नाही. आणि तो काही एकटाच नव्हे. लोकांच्या कटकटीला कंटाळून मोशेनेही देवाला मारून टाक म्हटले. योनानेही म्हटले. यिर्मयाने आपल्या जन्मदिवसालाच शाप दिला. ईयोबाचा तिसरा अध्याय वाचून पाहा. ही सारी देवाची माणसे होती. म्हणून “श्रद्धा कमी पडते, म्हणून माणूस खचतो,” असे जे आपण पटकन म्हणून टाकतो, ते पवित्र शास्त्राला धरून नाही. एलियाची श्रद्धा कमी नव्हती. तो दमला होता. फार दिवस, फार मोठे ओझे एकट्याने वाहिले होते आणि शेवटची सोबतही त्याने मागे ठेवली होती.

गेल्या 4 ऑगस्टला आपण संत जॉन व्हियान्नी यांचा सण साजरा केला. धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत. फ्रान्समधल्या आर्स या खेड्यात 1818 साली ते आले आणि 1859 साली मरेपर्यंत तिथेच राहिले. दूरदूरहून लोक त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी येत आणि ते तासन्‌तास त्या लहानशा जागेत बसून असत. पण याच संतपुरुषाला पुन्हा पुन्हा वाटे की आपण या कामाला लायक नाही, सारे सोडून कुठेतरी मठात जाऊन आपल्या पापांसाठी रडत बसावे. काही वेळा तर ते गाव सोडून खरोखरच निघाले होते. दर वेळी परत आले, ही गोष्ट वेगळी. परंतु निघाले होते, हेही खरे आहे.

देवाने आधी काय दिले?

आता पाहा, त्या झुडपाखाली देव काय करतो.

तो एलियाला ओरडत नाही. कर्मेलवरचा अग्नी इतक्यात विसरलास का, असे विचारत नाही. ऊठ आणि प्रार्थना कर, असेही म्हणत नाही. एलिया झोपी जातो आणि देव त्याला झोपू देतो. मग देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ आणि खा. एलिया पाहतो, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत तेव्हाही रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा खाऊ घालतो आणि मग सांगतो की तुला झेपणार नाही एवढी वाट पुढे आहे.

झोप, भाकर, पाणी आणि एक स्पर्श. देवाच्या दिलाशाची सुरुवात इथून झाली. उपदेश नंतर आला, चाळीस दिवसांनी आला, आणि तोही हळू आवाजात.

घरात भाकरी भाजणाऱ्या आयांना हे जास्त चांगले कळेल. निखारा आपोआप होत नाही. कोणीतरी काटक्या गोळा केल्या, कोणीतरी फुंकर घातली, कोणीतरी धग सोसली. स्तोत्रसंहितेच्या 120 व्या स्तोत्रात रतामाच्या निखाऱ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे हे झुडूप त्या काळी निखाऱ्यांसाठी ओळखीचे होते. एलियाने ज्याच्याखाली मरण मागितले, तसल्याच झुडपाच्या निखाऱ्यांवर त्याची भाकर भाजली गेली असेल का? शास्त्र तसे सांगत नाही. परंतु देवाची रीत अशीच असते. जिथे आपण हात टेकतो, तिथलाच लाकूडफाटा घेऊन तो आपल्यासाठी चूल पेटवतो.

आणि ही रीत त्याने पुढेही सोडली नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय आठवा. रात्रभर जाळी टाकून काहीच न लागलेले शिष्य पहाटे किनाऱ्याकडे वळले आहेत. त्यांत पेत्र आहे, ज्याने शेकोटीपाशी उभे राहून आपल्या गुरूला तीनदा नाकारले होते. किनाऱ्यावर पुनरुत्थित प्रभू उभा आहे. त्याच्यापुढे निखारे, निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर. प्रभूने पेत्राला प्रश्न विचारले, पण न्याहारी झाल्यावर. आधी त्याला जेवू घातले.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या घरात, आपल्या वाडीत कोणी खचलेले असेल, तर त्याच्याकडे आधी उपदेश घेऊन जाऊ नका. नोकरी गेलेला मुलगा, दहावी-बारावीत नापास झालेली मुलगी, पाच वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करणारी सून, नवऱ्याच्या दारूने पिचलेली बाई, मुले परदेशी गेल्यावर मोठ्या घरात एकटे उरलेले आजोबा. या माणसांना “जपमाळ कर म्हणजे बरे वाटेल” हे ठाऊक नसते असे नाही. त्यांतले काही तर रोज जपमाळ करतात आणि तरीही त्यांना बरे वाटत नाही. त्यांच्याकडे डबा घेऊन जा. सुनेला म्हणा, आज दुपारी मी आईंपाशी बसते, तू थोडी झोप. हेही देवदूताचेच काम आहे.

वाटेची शिदोरी

त्या भाकरीच्या बळावर एलिया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालला. आपल्या ख्रिस्तसभेने या भाकरीत नेहमीच पवित्र ख्रिस्तप्रसादाची खूण पाहिली आहे. मृत्यूच्या दारात असलेल्या माणसाला आपण जो अखेरचा ख्रिस्तप्रसाद देतो, त्याला लॅटिन भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी प्रवासाची शिदोरी असा होतो. पण ही शिदोरी फक्त शेवटच्या प्रवासासाठी नाही. ती सोमवारच्या विरार लोकलसाठीही आहे, वाडीतल्या पाणी लावण्यासाठीही आहे आणि वाघरीला निघालेल्या होडीसाठीही आहे.

येत्या 15 ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आहे. 1975 साली याच सणाच्या दिवशी व्हिएतनाममध्ये महागुरुस्वामी फ्रान्सिस झेवियर न्गुयेन वान थुआन यांना अटक झाली. पुढची तेरा वर्षे त्यांनी कैदेत काढली आणि त्यांतली नऊ एकट्याच्या कोठडीत. घरी पत्र लिहायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी पोटदुखीचे औषध पाठवा असे कळवले. घरच्यांनी ओळखले आणि औषधाच्या बाटलीतून थोडा द्राक्षारस पाठवला. रोज ते तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन मिस्साबलिदान अर्पण करीत. तळहात हीच त्यांची वेदी होती. 1988 मध्ये ते सुटले, 2001 मध्ये कार्डिनल झाले आणि 2002 मध्ये प्रभूघरी गेले. तेरा वर्षे ते कशावर जगले, असे कोणी विचारले तर उत्तर तळहातावर मावेल एवढेच होते.

आपल्याला दर रविवारी, नव्हे रोज सकाळी, घरापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर तीच शिदोरी मिळते. आपण ती किती भुकेने घेतो?

देव ऐकून घेतो

होरेबवर पोहोचल्यावर देव एलियाला प्रश्न विचारतो, तू इथे काय करतोस? त्यावर एलिया आपले सगळे गाऱ्हाणे मांडतो. मी परमेश्वरासाठी इतके केले, लोकांनी करार मोडला, वेद्या पाडल्या, संदेष्टे मारले, मी एकटाच उरलो आणि आता माझाही जीव घ्यायला टपले आहेत. मग वारा, भूकंप, अग्नी आणि ती हळुवार वाणी. त्यानंतर देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो. आणि एलिया काय उत्तर देतो? शब्दाला शब्द तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगतो!

वाचताना थोडे हसू येते. साक्षात परमेश्वर समोरून गेला, तरी या माणसाची तक्रार एका अक्षरानेही बदलली नाही. पण दुःखी माणूस असाच बोलतो. त्याच गोष्टी, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. ज्यांच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, त्यांच्याकडे जाऊन बसा म्हणजे कळेल. शेवटच्या रात्री काय झाले, डॉक्टर काय म्हणाले, किती वाजता श्वास थांबला, हे ती विधवा प्रत्येक येणाऱ्याला सांगते. आपल्याला वाटते, कितीदा ऐकायचे? देवाने दोनदा ऐकले. दुसऱ्यांदा तर त्याने स्वतः विचारून ऐकले.

आपली प्रार्थनासुद्धा पुष्कळदा असे एकच गाऱ्हाणे असते. वीस वर्षे तीच विनवणी. “फादर, देवालाही कंटाळा आला असेल,” असे कोणी कोणी म्हणतात. नाही, आलेला नाही. सुंदर शब्दांची प्रार्थना जमत नसेल तर गाऱ्हाणे करा, पण देवापुढे करा. एलिया देवापासून पळाला नाही. तो देवाकडे तक्रार घेऊन पळाला. यात फरक आहे, आणि तो फरक म्हणजेच श्रद्धा.

आणि वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत देव नव्हता, याचाही अर्थ ध्यानात घेऊ या. कर्मेलवर देवाने अग्नीतून उत्तर दिले होते. एलियाला वाटले असणार की आताही तसेच उत्तर येईल. आपलेही असेच होते. एखाद्या वेळी नवस फळाला आला, आजार अचानक बरा झाला, की पुढच्या वेळीही देवाने तीच खूण द्यावी असे आपण धरून बसतो. ती आली नाही की म्हणतो, देव बोलत नाही. कदाचित तो बोलत असेल, हळू बोलत असेल. दिवसभर घरात टीव्ही, खिशात मोबाईल आणि डोक्यात हिशोब चालू असेल, तर हळू बोललेले ऐकू कसे येणार?

मी एकटाच उरलो?

एलियाच्या गाऱ्हाण्यातले एक वाक्य चुकीचे होते. मी एकटाच उरलो, हे. देव त्याला सांगतो की इस्राएलात सात हजार जण असे आहेत ज्यांनी बआलपुढे गुडघा टेकलेला नाही.

गंमत म्हणजे, एलियाला यातले थोडेफार आधीच ठाऊक होते. अठराव्या अध्यायात अहाबाचा कारभारी ओबद्या त्याला भेटला होता. ईजबेल संदेष्ट्यांची कत्तल करीत असताना या ओबद्याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि अन्नपाणी देऊन त्यांना जगवले. हे त्याने स्वतः एलियाला सांगितले होते. तरीही रानात पोहोचेपर्यंत एलिया ते विसरला. थकलेल्या माणसाचे असेच होते. त्याला मिळालेले आठवत नाही, गमावलेले तेवढे दिसते.

तो ओबद्या मला फार जवळचा वाटतो. त्याने डोंगरावरून अग्नी उतरवला नाही. तो दुष्ट राजाच्या पदरी नोकरी करीत होता, रोज त्याच दरबारात जात होता आणि गुपचूप शंभर माणसांना जेवण पोहोचवत होता. आपल्या धर्मग्रामातही असे ओबद्या आहेत. त्यांची नावे या पत्रिकेत कधी छापून येत नाहीत. कोणाच्या मुलाची फी परस्पर भरली जाते, कोणाच्या दारात केळीचा घड येऊन पडतो, कोणी डायलिसिसला निघालेल्या शेजाऱ्याला आठवड्यातून दोनदा रिक्षातून नेतो. ते सात हजार कोण, हे देवाने एलियाला सांगितले नाही. पण ते आहेत.

आता परत जा

आणि मग देव एलियाला काम देतो. ज्या वाटेने आलास त्या वाटेने परत जा. हजाएल आणि येहू यांना राजपदाचा अभिषेक कर आणि अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून नेम. एलिया निघतो आणि बारा जोड्या लावून नांगरणी चाललेल्या शेतात त्याला अलीशा भेटतो. तो त्याच्यावर आपला झगा टाकतो. गुहेच्या दाराशी ज्या झग्याने तोंड झाकले होते, तोच झगा असावा. त्या दिवसापासून एलिया एकटा चालत नाही.

देवाने त्याची अडचण दूर केली नाही. ईजबेल तशीच राणी होती. पण देवाने त्याला सोबती दिला आणि काम दिले. आपण पुष्कळदा म्हणतो, आधी माझे सारे सुरळीत होऊ दे, मग मी चर्चच्या कामाला येईन, मग मी दुसऱ्याला मदत करीन. देवाचा क्रम वेगळा आहे.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे आयुष्य पाहा. किशोरवयात ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, अनेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. त्यांची मोठी इच्छा होती की आपल्याला येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. मन दुखावलेला हा तरुण व्यापारात शिरला आणि व्यापारात त्याचा जमही बसला. पण ती हाक काही गप्प बसेना. पुढे मनिला इथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे बंधू म्हणून. आणि 1593 मध्ये जेव्हा फ्रान्सिस्कन मंडळींना जपानला जायचे होते, तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता. पहिल्या, फसलेल्या वाटणाऱ्या वर्षांत शिकलेली ती भाषाच कामी आली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्यांनी क्रूसावर प्राण अर्पण केला. जी वर्षे वाया गेली असे वाटले होते, ती देवाने वाया जाऊ दिली नव्हती.

बुडणाऱ्याचा हात

आजच्या शुभवर्तमानातही एक दमलेली होडी आहे. मासेमारी बंदीनंतर आपल्या कोळी बांधवांच्या होड्या नुकत्याच पाण्यात उतरल्या आहेत. समोरचा वारा म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको. शिष्य त्या होडीत स्वतःच्या हट्टाने बसले नव्हते. येशूनेच त्यांना बसायला लावले होते. म्हणजे वादळात सापडलो म्हणून आपण देवाच्या इच्छेबाहेर गेलो, असे होत नाही. रात्रीच्या चौथ्या प्रहरी, म्हणजे उजाडायच्या आधीच्या अंधारात, येशू पाण्यावरून आला. पेत्र चालू लागला, वारा पाहून घाबरला आणि बुडताना त्याने फक्त वाचव म्हणून हाक मारली. येशूने लगेच हात पुढे केला. आधी धरले, मग विचारले की का शंका धरलीस?

आणखी एक बारीक गोष्ट. येशूने हात धरला तेव्हा वारा थांबला नव्हता. ते दोघे होडीत चढल्यावर थांबला. म्हणजे पेत्र त्याच वाऱ्यातून, त्याच लाटांवरून होडीपर्यंत परत आला. वारा तोच होता, पण आता हात धरलेला होता.

बंधुभगिनींनो, हे वाचणाऱ्यांत आज एखादा असेल, जो खरोखरच त्या रतामाच्या झुडपाखाली बसला आहे. ज्याच्या मनात “पुरे झाले” हे शब्द नुसते येऊन जात नाहीत, तर मुक्काम करून राहिले आहेत. त्याला मला सांगायचे आहे की तू पापी आहेस म्हणून हे विचार येत नाहीत. एलियालाही आले. पण एलियाने केलेली एक गोष्ट करू नकोस. सोबत मागे ठेवू नकोस. आजच कोणाला तरी सांग. घरच्यांना सांग, मित्राला सांग, माझ्याकडे ये. दिवसा किंवा रात्री, केव्हाही ये. डॉक्टरकडे जाण्यात लाज नाही. तापाला औषध घेतो, तसेच मनाच्या दुखण्यालाही औषध असते. सरकारने 2022 मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. त्या क्रमांकावर बोलणारा माणूसही देवाने पाठवलेला असू शकतो.

आणि ज्या घरांतून कोणी अशा तऱ्हेने आधीच निघून गेले आहे, त्यांना एक शब्द. वर्षानुवर्षे लोकांच्या कुजबुजीने तुमचे दुःख दुप्पट झाले असेल. ख्रिस्तसभेची शिकवण लक्षात ठेवा. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ स्पष्ट सांगतो की तीव्र मानसिक यातना, भीती यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते आणि तिच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. देवाला त्याच्यापाशी पोहोचायच्या वाटा माहीत आहेत. आपण त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो, करीत राहू.

एलियाने मरण मागितले आणि देवाने ते दिले नाही. पुढे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. शास्त्र सांगते की एलिया वावटळीतून स्वर्गात घेतला गेला. आणि गेल्याच गुरुवारी, 6 ऑगस्टला, आपण प्रभूच्या रूपांतराचा सण साजरा केला. त्या डोंगरावर मोशेबरोबर येशूशी बोलत कोण उभे होते? दोघेही एके काळी देवाकडे मरण मागितलेली माणसे! होरेबवर एलियाने तोंड झाकून घेतले होते. रूपांतराच्या डोंगरावर तो प्रभूच्या समोरासमोर उभा आहे. त्या झुडपाखाली त्याची प्रार्थना मान्य झाली असती, तर? आपल्या काही प्रार्थनांना देव नाही म्हणतो, कारण त्याला पुढचा डोंगर दिसत असतो.

या आठवड्यासाठी

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट करावी. आपल्या वाडीत पूर्वी मिस्साला येणारे, पण हल्ली न दिसणारे एक माणूस आठवावे. त्याच्या घरी जावे. का येत नाहीस, असे विचारू नये. काहीतरी खायला न्यावे, अर्धा तास बसावे, तो बोलेल ते ऐकावे. तेच तेच बोलला तरी ऐकावे. आणि रोज रात्री जपमाळेनंतर घरातील सर्वांनी दोन मिनिटे गप्प बसावे. फक्त दोन मिनिटे.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, रानात थकून पडलेल्या एलियाला तू रागावला नाहीस, त्याला भाकर दिलीस. आमच्या घरांतल्या आणि आमच्या धर्मग्रामातल्या सर्व थकलेल्यांकडे पाहा. ज्यांना झोप नाही त्यांना झोप दे, ज्यांना सोबत नाही त्यांच्याकडे आम्हाला पाठव. वाट लांब आहे, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तुझ्या पुत्राच्या शरीराची शिदोरी आम्हाला रोज पुरव. वारा सुटला असताना आमचा हात धर. हे आम्ही प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.